चार गुंठे मोकळी जागा : बारा खोल्या काढू की दोन डुप्लेक्स बांधू?

सह्याद्रीवारा | ४ जानेवारी, रात्री ९.४०

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसता वाचत होतो, धागा पहिल्यांदाच काढतोय. सांभाळून घ्या.

वडिलांनी २००६ साली चाकण एमआयडीसीच्या अंगाला चार गुंठे जागा घेऊन ठेवली होती. तेव्हा तिथे बाभळी होत्या. आज शेजारच्या वाडीत चहाच्या टपरीवर उभं राहायला जागा नसते. वडील २०१९ साली गेले. आपली जागा तशीच पडून आहे आणि दर पावसाळ्यात कोणी ना कोणी तिथे राडारोडा टाकून जातं.

आता काहीतरी बांधून भाड्याने द्यावं असा विचार आहे. घरात दोन पक्ष पडलेत.

पक्ष पहिला, माझा मेव्हणा (बायकोचा भाऊ). त्याचं म्हणणं, सरळ बारा खोल्या काढ. वन आरके, प्रत्येकी साधारण २०० फूट, तळमजल्यावर सहा नि वर सहा. खोलीला ४५०० धरले तरी महिन्याला ५४,०००.

पक्ष दुसरा, बायको. तिचं म्हणणं, बॅचलर पोरांची कटकट नको. प्रत्येकी ११०० फुटांचे दोन डुप्लेक्स बांधू, बरी कुटुंबं ठेवू. पंधरा-पंधरा हजार आले तर ३०,००० होतात, पण रात्री झोप लागते.

खर्च दोन्हीकडे ४० ते ५० लाखांच्या घरात जातोय. निम्मं कर्ज काढावं लागेल. मी कोथरूडला राहतो, नोकरी आहे, महिन्यातून दोन रविवार जाता येईल. अनुभवी लोकांनी सांगावं, काय करू?

---

टिंगलटवाळ | ४ जानेवारी, रात्री ९.५२

मेव्हण्याचं ऐकलंत तर बायको बोलणार, बायकोचं ऐकलंत तर मेव्हणा बायकोकडे बोलणार. म्हणजे बोलणार बायकोच. डुप्लेक्स बांधा.

---

खोलीमालक | ४ जानेवारी, रात्री ११.१५

माझ्या अठरा खोल्या आहेत, वाळूजला, रांजणगाव शेणपुंजीत. २००९ साली आठ होत्या, मग वाढत गेल्या. म्हणून जरा लांबण लावतो.

पहिलं. बारा गुणिले ४५०० हा हिशोब कागदावरचा आहे. बारापैकी दहा भरलेल्या धरा. दहापैकी एकजण दर महिन्याला "पगार उशिरा झालाय" म्हणणार. वर्षातून दोन खोल्या रंगवायच्या, चार नळ बदलायचे, एक मोटर जळणार. माझ्या हातात बारा महिन्यांचं भाडं कधीच पडलेलं नाही. दहा महिन्यांचं पडलं की मी चांगलं वर्ष म्हणतो.

दुसरं. खोली एकाला दिली तरी राहतात तीन. एक पहिल्या पाळीचा, एक दुसऱ्या, एक रात्रपाळीचा. गादी एकच, ती कधी गारच होत नाही. यात मला वाईट काही वाटत नाही, पोरं पैसे वाचवून घरी पाठवतात. पण संडास आणि पाणी तिघांचं लागतं. बारा खोल्या म्हणजे बारा माणसं धरून टाकी बांधलीत तर पहिल्याच उन्हाळ्यात टँकरवाल्याची मुलगी तुमच्या पैशावर इंजिनिअर होईल.

तिसरं, आणि हे कोणी सांगत नाही. मार्च २०२०. टाळेबंदी लागली तेव्हा अठराच्या अठरा खोल्या भरलेल्या होत्या. एप्रिलमध्ये सरकारने मालकांना सूचना केली की तीन महिने भाडं मागू नका. मागून तरी काय मिळणार होतं? कंपन्या बंद. मे महिन्यात पोरं चालत निघाली. अकरा खोल्या रिकाम्या झाल्या, काहींनी भांडीसुद्धा ठेवून दिली. मी ती भांडी सहा महिने एका खोलीत जपून ठेवली. चौघे परत आले, बाकीची अजून माळ्यावर आहेत. बँकेचा हप्ता मात्र कुठे चालत गेला नाही. हप्ते पुढे ढकलायची सवलत मिळाली होती, पण व्याज चढतच होतं.

तरीही खोल्याच बांधा असं मी म्हणेन. एक खोली रिकामी झाली तर बाराव्या हिश्शाचं नुकसान. डुप्लेक्स रिकामा झाला तर अर्धं उत्पन्न गेलं.

पण एक अट आहे. तिथे रोज जाणारं माणूस पाहिजे. महिन्यातून दोन रविवार हे काही खरं नाही.

---

रेघोट्या | ५ जानेवारी, सकाळी ७.३०

मी परवानाधारक अभियंता, खेड-शिरूर भागात नकाशे करतो. दोन्ही पक्षांना आधी एक प्रश्न : जमीन कसली आहे? काळी की मुरमाड?

मुरूम दोन-तीन फुटांवर लागत असेल तर नशीबवान आहात. काळी माती असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि वरची भिंत तिच्याबरोबर नाचते. खर्च वाचवायला लोक अशा जमिनीवर नुसत्या विटांच्या भारवाहक भिंती उभ्या करतात. तिसऱ्या वर्षी खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. भाडेकरू तिच्यावर कॅलेंडर लावतो, मालकाला कळतच नाही. काळी असेल तर मुरमापर्यंत खोदा, कॉलम-बीम करा, पायाचा खर्च जास्तीचा धरा.

दुसरं, चार गुंठे म्हणजे ४३५६ चौरस फूट. पीएमआरडीएच्या (पुणे महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाच्या) हद्दीत एकत्रित बांधकाम नियमावली लागते, २०२० ची. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल तर मूळ एफएसआय (जागेच्या किती पट बांधता येतं तो आकडा) १.१. म्हणजे कागदावर साधारण ४८०० फूट बांधकाम बसतं, तुम्हाला त्याच्या निम्मंच करायचंय. अडचण एफएसआयची नाही. चारी बाजूंनी अंतर सोडा, गाड्यांची जागा काढा, मैल्याची टाकी नि शोषखड्डा बसवा, मग उरलेल्यात घर. बोअर मारणार असाल तर शोषखड्ड्यापासून निदान पन्नास फूट लांब. चार गुंठ्यांत हे साधायचं तर आधी बोअर आणि खड्डा नकाशावर आखायचे, खोल्या त्यानंतर. लोक नेमकं उलटं करतात.

पश्चिमेच्या भिंतीला संडास-बाथरूम घ्या, खोली तापत नाही. पत्रे नकोत. वरच्या स्लॅबवर ब्रिकबॅट कोबा (विटांच्या तुकड्यांचा थर) करा.

---

डलासकर | ५ जानेवारी, सकाळी ८.०५

जरा अवांतर. तुम्ही डुप्लेक्स म्हणताय ते म्हणजे आत जिना असलेलं दुमजली घर ना? इकडे टेक्सासमध्ये डुप्लेक्स म्हणजे एकाच इमारतीत दोन कुटुंबांची दोन घरं, मधली भिंत सामाईक. एकात मालक राहतो, दुसरं भाड्याने. मी सुरुवातीची चार वर्षं असंच केलं. इकडे चार घरांपर्यंतची इमारत असेल आणि तुम्ही त्यातल्या एकात राहणार असाल तर सरकारी हमीच्या कर्जाला साडेतीन टक्के रक्कम भरूनही चालतं. शेजारच्या भाड्यातून हप्त्याचा मोठा भाग निघायचा. मालमत्ता कर मात्र असा की तुमचा ग्रामपंचायतीचा कर बघून मला रडू येईल.

---

टिंगलटवाळ | ५ जानेवारी, सकाळी ८.११

म्हणजे पुण्यातला वाडा. मालक वर, भाडेकरू खाली, आणि मधल्या जिन्यावर सत्तर वर्षांची कोर्टकेस.

---

मीनाताई_नाशिक | ५ जानेवारी, दुपारी १.२०

टिंगलराव 😄 पण डलासकर म्हणतात तसंच आमचं आहे. अंबडजवळ तीन गुंठ्यांत खाली एक, वर एक. एकाच मापाची दोन घरं, जिना बाहेरून. खाली आम्ही राहतो, वरचं भाड्याने. चौदा वर्षांत पाच कुटुंबं झाली. त्यातलं एक सोडलं तर कुणाचाच त्रास नाही. त्या एकाने जाताना ट्यूबलाइट, पंखे आणि कमोडचं झाकण नेलं. झाकणाचं कोडं मला आजही सुटलेलं नाही.

सह्याद्रीदादा, तुम्हाला माझं सांगणं एवढंच की आत जिना असलेला डुप्लेक्स भाड्याने देऊ नका. ज्याला पंधरा हजार परवडतात तो चाकणला राहत नाही, मोशी-भोसरीकडे राहतो नि कंपनीच्या बसने येतो. आणि जो चाकणला राहतो त्याला आतला जिना नकोय, दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि चोवीस तास पाणी हवंय. त्याच जागेत साधे चार वन बीएचके बसतील. नवीन लग्न झालेली, एक लेकरू असलेली जोडपी येतील. ती तीन-तीन वर्षं हलत नाहीत.

---

कायदेपंडित_नाही | ५ जानेवारी, दुपारी ३.०२

सगळे स्लॅबपर्यंत पोचले. मी तळघरातच आहे. सातबारा बघितलाय का? जागा एनए (अकृषिक, म्हणजे शेतीऐवजी बांधकामाला चालणारी) आहे का? सातबाऱ्यावर कुणाकुणाची नावं आहेत? २००६ साली चाकणजवळ "चार गुंठे" म्हटलं की माझ्या पोटात गोळा येतो.

---

भाडेकरू_आजन्म | ५ जानेवारी, रात्री १०.४५

इथे सगळे मालकच दिसतात, तेव्हा खालच्या बाजूने लिहितो.

२०१४ ते २०१७ चाकणला खोलीत काढली. मी मूळ हिंगोलीचा. डिप्लोमा करून आलो, आम्ही तिघे एका खोलीत. दहा बाय बारा. खिडकी एक, ती गल्लीत उघडायची आणि गल्ली तीन फुटांची, म्हणजे समोरच्याच्या भिंतीवर. दिवसा दिवा लावायचा. चौदा खोल्यांना तीन संडास. पहिली पाळी सातला, म्हणून पाच वाजता रांग. रांगेत उभं राहून पोरं एकमेकांना सुपरवायझरच्या नकला करून दाखवायची. ते दिवस आठवले की हसू येतं, पण परत नको.

मालक पाण्याची मोटर सकाळी वीस मिनिटं लावायचा. रात्रपाळीहून साडेसातला आलो की टाकी कोरडी. लाइटबिल सब-मीटरवर, युनिटला १२ रुपये. मी एकदा खालचं महावितरणचं बिल बघितलं, तर सगळ्या खोल्यांना मिळून एकच मीटर. शंभर युनिटच्या आतला दर स्वस्त असतो, मग तीनशेपर्यंत, पाचशेपर्यंत चढत जातो. चौदा खोल्यांचं एका मीटरवर आलं की बिल थेट वरच्या टप्प्यात. म्हणजे मालकालाही महाग पडत होतं आणि तो त्यावर आणखी चढवून आम्हाला लावत होता. प्रत्येक खोलीला स्वतंत्र मीटर घेतला असता तर आम्ही प्रत्येकजण शंभरच्या आतच राहिलो असतो. वीज विकायचा परवाना काही त्याच्याकडे नव्हता, पण हे त्याला सांगणार कोण?

भिंतीवर नियमांचा तक्ता होता. खिळा ठोकू नये. पाहुणा आणू नये. मांसाहार करू नये. शेवटचा नियम : मालकाशी वाद घालू नये.

सह्याद्रीवारा, खोल्या बांधायच्या तर जरूर बांधा. फक्त समोरासमोर दोन खिडक्या ठेवा, संडास खोलीतच द्या, आणि मीटर स्वतंत्र. यासाठी पाचशे रुपये जास्त द्यायला पोरं तयार असतात. आम्ही होतो. तशी खोली मिळाली नाही एवढंच.

---

खोलीमालक | ५ जानेवारी, रात्री ११.२०

आजन्म भाऊ, वाचून जरा गप्प बसलो. माझ्याकडे सुरुवातीच्या आठ खोल्यांना दोनच संडास होते. २०१३ ला प्रत्येक खोलीत करून घेतले. दयाबुद्धी नव्हे हो, समोरच्याने केले म्हणून माझ्या खोल्या रिकाम्या राहायला लागल्या. मीटर स्वतंत्रच आहेत. मोटर मात्र अजून मीच लावतो, ते सोडवत नाही.

---

सह्याद्रीवारा | ६ जानेवारी, सकाळी ९.१०

सगळ्यांचे आभार. मीनाताईंचा चार वन बीएचकेचा मुद्दा बायकोला दाखवला. ती म्हणाली, "हेच मी म्हणत होते." (ती हे म्हणत नव्हती.)

कायदेपंडित, काल रात्री महाभूलेखवर सातबारा काढला. वडिलांसह दहा नावं आहेत. क्षेत्र ४० गुंठे. दहा जणांनी मिळून शेतकऱ्याकडून एक एकर घेतला होता, खरेदीखत एकच आहे, नोंदणीकृत. कोणाचे चार गुंठे कुठले हे तेव्हा हाताने काढलेल्या एका नकाशावर ठरलं होतं, तो माझ्याकडे आहे. एनए नाही. पण तिथे आजूबाजूला सगळेच बांधतायत, एकानेही एनए केलेलं नाही.

---

कायदेपंडित_नाही | ६ जानेवारी, सकाळी ९.५५

गोळा आला पोटात.

सावकाश सांगतो. तो हाताचा नकाशा म्हणजे दहा मित्रांमधली समजूत. कायद्याच्या नजरेत तुमचे "ते" चार गुंठे नाहीत, तुमचा अख्ख्या एकरात एक दशांश अविभक्त हिस्सा आहे. तुम्ही बांधलंत तर ते दहाही जणांच्या जमिनीवर बांधलंत. बँक यावर घरकर्ज देणार नाही. निम्मं कर्ज म्हणालात ना, तो प्रश्न इथेच संपला.

बरं, सरळ वाटणी करून चार-चार गुंठ्यांचे वेगळे सातबारे करू म्हटलं तर तुकडेबंदी कायदा आहे, १९४७ चा. ऑगस्ट २०२३ मध्ये बहुतेक जिल्ह्यांसाठी मर्यादा खाली आणली, तरी जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे लागतात. त्यानंतर विकास आराखड्यांच्या क्षेत्रातले जुने तुकडे नियमित करायच्या तरतुदीही आल्या. म्हणून आधी झोन दाखला काढा. जागा निवासी झोनमध्ये असेल तर दहा जणांनी मिळून मोजणी, रेखांकन (प्लॉट पाडायचा आराखडा) मंजुरी, मग अकृषिक वापराची पूर्तता, असा रीतसर रस्ता आहे. रेखांकनात आतला रस्ता आणि मोकळी जागा सोडावी लागेल, म्हणजे प्रत्येकाचे चार गुंठे राहणार नाहीत. तीनेक उरले तर पेढे वाटा. शेती झोनमध्ये असेल तर बोलणंच वेगळं.

"आजूबाजूला सगळेच बांधतायत" हे वाक्य मी अनधिकृत बांधकामाच्या प्रत्येक नोटिशीच्या उत्तरात वाचलंय. त्याचा अजून उपयोग झालेला पाहिला नाही.

---

टिंगलटवाळ | ६ जानेवारी, सकाळी १०.०३

प्रश्न होता बारा खोल्या की दोन डुप्लेक्स. उत्तर : दहा भागीदार.

---

मीनाताई_नाशिक | ६ जानेवारी, सकाळी ११.३०

दादा, एक विचारते, राग मानू नका. वडील गेल्यावर वारसनोंद केलीत का? तुम्ही "वडिलांसह दहा नावं" लिहिलंत म्हणून विचारलं. आणि तुम्हाला बहीण आहे का?

---

सह्याद्रीवारा | ६ जानेवारी, दुपारी १२.४५

नोंद राहिलीय. बहीण आहे, ठाण्याला असते. आई माझ्याकडे आहे.

---

मीनाताई_नाशिक | ६ जानेवारी, दुपारी १२.५८

बायकोच्या भावाला विचारलंत, अनोळखी लोकांना इथे येऊन विचारलंत. बहिणीला?

---

कायदेपंडित_नाही | ६ जानेवारी, दुपारी १.१०

मीनाताईंनी भावनेतून विचारलं, मी कायद्यातून सांगतो. मृत्युपत्र नसेल तर वडिलांच्या स्वकष्टार्जित जमिनीत आई, तुम्ही आणि बहीण, तिघांचा सारखा हिस्सा. हे २००५ च्या दुरुस्तीमुळे नाही, १९५६ पासूनच आहे. फेरफार झाल्यावर सातबाऱ्यावर दहाची बारा नावं होतील. बहिणीच्या सहीशिवाय रेखांकनाचा अर्जही होणार नाही. आणि "हक्कसोड करून घेऊ" असं मेव्हणा म्हणालाच असेल, तर तो हिस्सा सोडल्याचा कागद ओवाळणीच्या ताटातून मागू नका.

---

सह्याद्रीवारा | ६ जानेवारी, दुपारी १.२२

मेव्हणा तसं म्हणाला होता. गप्प बसतो.

---

गावकरी_खेड | ६ जानेवारी, रात्री ८.१५

आम्ही तिथलेच. आमच्या आळीत घरटी खोल्या आहेत. ज्याची जमीन एमआयडीसीत गेली त्याने आलेल्या पैशातून एक गाडी आणि दहा खोल्या केल्या. गाडी गेली, खोल्या राहिल्या. आज त्याच चूल पेटवतात, ही खरी गोष्ट आहे.

पण बाहेरून येऊन बांधणाऱ्यांना सांगतो. खोल्यांची रेलचेल झालीय. कंत्राटी पोरं अकरा महिन्यांनी बदलतात, कंत्राटदार बदलला की अख्खी चाळ एका रात्रीत रिकामी. आम्ही घरचे आहोत, आई ओट्यावर बसून बघते कोण आलं कोण गेलं. तुम्ही कोथरूडवरून काय बघणार? कोणाला तरी देखरेखीला ठेवणार, तो खोलीमागे पैसे घेणार, वर रिकाम्या दाखवलेल्या खोलीत स्वतःचा पाहुणा ठेवणार. आमच्या शेजारी हे झालंय.

मीनाताई बोलल्या ते आमच्याकडेही दिसतंय. सध्या मागणी वन बीएचकेला आहे. कायम झालेली पोरं आता बायको-पोरं आणतात. चांगली शाळा कुठे, ते आधी विचारतात, मग भाडं.

---

हिशेबनीस | ६ जानेवारी, रात्री ९.३०

कागद होतील तेव्हा होतील, आकडे आत्ताच बघून ठेवा.

मेव्हण्याचे ५४,००० खोलीमालकांच्या दहा महिन्यांच्या नियमाने ५,४०,००० वार्षिक. देखभाल, पाणी, देखरेख्या वजा जाता चार-सव्वाचार लाख हाती. ५० लाखांवर हे आठ-साडेआठ टक्के झाले. निम्म्या रकमेचं कर्ज नऊ टक्क्यांनी काढलंत तर त्या पंचवीस लाखांवर तुम्ही बँकेसाठी राबताय. जागेची किंमत तर यात धरलेलीच नाही.

डुप्लेक्सचे वर्षाला ३,६०,०००, तेही दोन्ही भरलेले असतील तर. बँकेतल्या ठेवीला मोटर लावावी लागत नाही, एवढंच म्हणतो.

प्राप्तिकरात भाड्यातून ३० टक्के सरसकट वजावट मिळते, पावत्या लागत नाहीत. कर्जाचं व्याजही वजा होतं. नवीन करप्रणालीत मात्र घरभाड्याचा तोटा पगारातून वजा करता येत नाही, ते धरून चला. आणि मालकी तिघांची असेल तर भाडंही तिघांच्या हिश्शाने तिघांच्या विवरणपत्रात जाईल.

---

खोलीमालक | ६ जानेवारी, रात्री १०.०५

साहेब, ठेव वाढत नाही, भाडं वाढतं. २००९ ला मी खोली १२०० ने द्यायचो, आता ३८०० येतात. तुमची ठेव काढून मुलाचं लग्न होतं, माझ्या खोल्या त्याच्या लग्नानंतरही राहतात.

---

हिशेबनीस | ६ जानेवारी, रात्री १०.१२

आणि लग्नानंतर तो म्हणतो, बाबा, या खोल्या विकून टाका, मला पुण्यात फ्लॅट हवाय.

---

खोलीमालक | ६ जानेवारी, रात्री १०.१४

तुम्हाला कोणी सांगितलं?

---

पावसाळी_ढग | ७ जानेवारी, सकाळी ८.४०

वाचनखूण साठवली. एक शंका : अकरा महिन्यांचा करार केला की नोंदणी लागत नाही ना? आमचे मालक नुसत्या ५०० च्या स्टॅम्पपेपरवर करतात.

---

कायदेपंडित_नाही | ७ जानेवारी, सकाळी ९.३०

हा महाराष्ट्रातला सर्वात टिकाऊ गैरसमज आहे, वाड्यांपेक्षाही जुना वाटायला लागलाय. भाडे नियंत्रण कायदा १९९९, कलम ५५ : करार लेखी आणि नोंदणीकृत पाहिजे, मग तो अकरा महिन्यांचा असो की एका महिन्याचा. जबाबदारी मालकाची. नाही केला तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा ५००० पर्यंत दंड किंवा दोन्ही. त्याहून महत्त्वाचं म्हणजे, नोंदणी नसेल तर कोणत्या अटींवर जागा दिली याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते धरलं जातं, उलट सिद्ध करायचं काम मालकाचं.

नोंदणीकृत लीव्ह अँड लायसन्स असेल तर मुदत संपल्यावर जागा सोडत नसलेल्याला सक्षम प्राधिकाऱ्याकडे नेता येतं आणि तोवर दुप्पट रक्कम मागता येते. मुद्रांक तरी किती? एकूण भाड्याच्या पाव टक्का. ४५०० च्या खोलीला अकरा महिन्यांचे सव्वाशेच्या आसपास रुपये, अधिक नोंदणी फी. घरी बसून ऑनलाइन होतं.

---

भाडेकरू_आजन्म | ७ जानेवारी, सकाळी ९.४८

तीन वर्षांत मला करार कधी दिसला नाही. पावतीही नाही. त्यामुळे पासपोर्टला पत्ता कुठला लावायचा हा प्रश्न पडला, आणि तो शेवटी हिंगोलीचाच लागला. मालकांना वाटतं करार म्हणजे त्यांचं संरक्षण. आम्हाला तो पत्ता म्हणून हवा असतो.

---

सह्याद्रीवारा | २२ फेब्रुवारी, रात्री ८.३०

धागा वर काढतोय, कारण विचारणारे बरेच व्यनि (खासगी निरोप) आले.

बहिणीला भेटलो. ठाण्याला जाऊन, फोनवर नाही. मी बारा खोल्या, डुप्लेक्स, वन बीएचके असं सगळं सांगितलं. ती ऐकून घेऊन म्हणाली, "तू इतका हिशोब केलास, मला भाड्याचा तिसरा हिस्सा मिळणार की नाही हे कुठे लिहिलंयस?" लिहिलेलंच नव्हतं. मग बराच वेळ चहा झाला. तिला तिथे भाडं नकोय. तिला आणि भाऊजींना निवृत्तीनंतर तिथे स्वतःचं लहान घर हवंय, तिकडे त्यांची मुलगी नोकरीला लागलीय. म्हणजे एका बाजूला तिचं, दुसऱ्या बाजूला आमचं भाड्याचं, मधली भिंत सामाईक. डलासकर, तुमचा डुप्लेक्स झाला की हो.

वारसनोंदीचा अर्ज तलाठ्याकडे दिलाय, तिघांच्या नावाने.

मग दहा जणांची बैठक बोलावली. सहा आले. एकजण अमेरिकेत आहे, एकाने हिस्सा कोणाला तरी नोटरीवर विकलाय, दोघांनी फोन उचलला नाही. झोन दाखला आला, निवासी आहे, तेवढी एक बातमी चांगली.

आता वाईट बातमी. जागेवर जाऊन हाताचा नकाशा उघडला. आजवर आपली समजत होतो ती मोकळी जागा नकाशात आमची नाहीच; जिथे आमचे चार गुंठे दाखवलेत तिथे आठ खोल्या उभ्या आहेत, भरलेल्या. ज्याने बांधल्या तो आमच्यातलाच एक हिस्सेदार. तो म्हणतो, त्याच्याकडचा नकाशा वेगळा आहे, त्यात ती जागा त्याची. मी त्याचा नकाशा बघितला. अक्षर माझ्या वडिलांचंच आहे.

---

टिंगलटवाळ | २२ फेब्रुवारी, रात्री ८.३६

आज विनोद सुचत नाहीये. खरंच.

---

रेघोट्या | २२ फेब्रुवारी, रात्री ९.१५

घाबरू नका, हे नेहमीचं आहे. त्या काळी नकाशे दोन-तीनदा बदलायचे, जुने कोणी फाडायचं नाही. भूमी अभिलेखकडे हद्दीच्या मोजणीचा अर्ज टाका, सहाही जणांच्या सह्यांनी. आधी एकराच्या चतुःसीमा पक्क्या होऊ द्या. बाहेरची हद्द सरकलेली असेल तर आतलं भांडण करूनही उपयोग नाही. आणि मोजणीच्या दिवशी स्वतः हजर राहा, टोपी घालून, पाण्याची बाटली घेऊन. मोजणीदार खुणा करून गेला की तिथेच दगड रोवून घ्या, उद्यावर टाकू नका.

---

गावकरी_खेड | २२ फेब्रुवारी, रात्री ९.४०

त्या आठ खोल्यांत राहणाऱ्या पोरांशी भांडू नका, त्यांना काही माहीत नसतं. आणि मोजणीच्या दिवशी जेवायला आमच्याकडे या. व्यनि करतो.

---

भाडेकरू_आजन्म | २२ फेब्रुवारी, रात्री १०.०२

एक विचारू? त्या आठ खोल्यांना संडास किती आहेत?

---

सह्याद्रीवारा | २२ फेब्रुवारी, रात्री १०.२०

दोन. मी मोजले.

मोजणीची तारीख १८ मार्च मिळालीय. बहीण येतेय. मेव्हणाही येतो म्हणाला, त्याला म्हटलं, छत्री धरायला ये.